वाचन-अक्षमता

वाचन-अक्षमता : बुद्धिमत्ता, दृष्टी वा श्रवणशक्ती यांतील उणिवेमुळे किंवा शिक्षणाच्या अभावामुळे नव्हे, तर मेंदूच्या जन्मजात जडणघडणीमुळे शब्द अचूकपणे व ओघाने वाचण्यात आणि शुद्ध लिहिण्यात सातत्याने येणारी अडचण. ‘डिस्लेक्सिया’ हे तिचे प्रचलित नाव ग्रीक भाषेवरून घेतलेले असून शब्दांविषयीची अडचण असा त्याचा अर्थ होतो. ही अक्षमता आयुष्यभर राहते. तथापि योग्य अध्यापनाने वाचनात लक्षणीय सुधारणा होते. आळस, हट्ट किंवा पालकांची हयगय यांच्याशी तिचा संबंध नसतो.

इतिहास : मेंदूस इजा झाल्यामुळे वाचनशक्ती गमावलेल्या रुग्णांसंबंधी जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ ही संज्ञा वापरली. स्टटगार्टचे नेत्रवैद्य रूडोल्फ बेर्लिन यांनी १८८७ मधील आपल्या ग्रंथात ‘डिस्लेक्सिया’ या संज्ञेचा पुरस्कार केला. मुलांमधील जन्मजात अडचणीचे पहिले प्रसिद्ध वर्णन इंग्लंडमधील वैद्य प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये केले. त्यांनी वर्णिलेला १४ वर्षांचा मुलगा चलाख व गणितात चांगला होता. परंतु अनेक वर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. सर्व शिक्षण तोंडी असते, तर तो शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांचा या विषयावरील ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन मेंदूतज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ पासून या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांची कारणमीमांसा पुढे टिकली नाही. पण ॲना गिलिंगहॅम यांच्या सहकार्याने विकसित झालेली बहुसंवेदी अध्यापनपद्धती आजही पायाभूत मानली जाते.

कारणे : अक्षरे उलटी दिसणे हे या अक्षमतेचे मूळ कारण होय, हा समज चुकीचा आहे. बहुतेक मुलांत मूळ अडचण ध्वनींच्या जाणिवेत असते. बोललेला शब्द सुट्या ध्वनींचा बनलेला आहे हे ओळखणे, ते ध्वनी स्मरणात धरणे आणि लिखित चिन्हांशी त्यांची जलद सांगड घालणे त्यांना कठीण जाते. सामान्यतः वाचताना मेंदूच्या डाव्या गोलार्धातील जे भाग कार्यरत होतात, त्यांची क्रियाशीलता अशा व्यक्तींत कमी असल्याचे मेंदू-प्रतिमांकनातून दिसून आले आहे. आनुवंशिकतेचाही त्यात मोठा वाटा असतो.

देवनागरी लिपी व वाचन-अक्षमता : इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. त्यामानाने मराठीत चिन्ह व ध्वनी यांचा संबंध बराच नियमित आहे. म्हणून मराठी वाचनात ही अक्षमता चुकांपेक्षा संथपणाच्या रूपाने अधिक प्रकट होऊ शकते आणि ती नजरेतून सुटण्याचा संभव असतो. तरीही लिपीतील काही स्थळे अवघड आहेत. ‘कि’ मधील वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहितात, पण उच्चारतात नंतर. ‘धर्म’ मधील र् चा उच्चार म च्या आधी होतो, परंतु रफार म च्या डोक्यावर येतो. ‘करवत’ या शब्दात चारही अक्षरे पूर्ण दिसतात, उच्चार मात्र ‘कर्‌वत्‌’ असा होतो. जोडाक्षरांची मोठी संख्या, ऱ्हस्व-दीर्घांतील भेद आणि घ-ध, भ-म, ब-व यांसारखी सारखी दिसणारी अक्षरे यांचीही त्यांत भर पडते. मराठीत कसेबसे निभावून नेणारे मूल इंग्रजीत एकाएकी मागे पडते, याचे कारण दोन लिपींच्या या भिन्न स्वरूपात सापडते.

लक्षणे व निदान : उशिरा बोलू लागणे, यमके न ओळखता येणे व वस्तूंची नावे चटकन न आठवणे ही शाळापूर्व वयातील सूचक चिन्हे होत. पुढे अडखळत वाचणे, पहिल्या अक्षरावरून शब्दाचा तर्क करणे, काना-मात्रा गाळणे, फळ्यावरून उतरवून घेताना मागे पडणे आणि तोंडी उत्तर उत्तम असूनही लेखी उत्तर त्रोटक असणे ही लक्षणे दिसतात. यांपैकी एखादे लक्षण निदानास पुरेसे नसते. प्रथम दृष्टी व श्रवण तपासून नंतर मुलाच्या शिक्षणाच्या भाषेत चाचण्या घेणे आवश्यक असते. केवळ इंग्रजीतील चाचणीवरून मराठी माध्यमातील मुलाचे निदान करणे अशास्त्रीय होय. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात विकसित झालेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे.

शालेय साहाय्य : ध्वनी व चिन्ह यांचा संबंध स्पष्टपणे, क्रमाने आणि भरपूर उजळणीसह शिकवणे हा उपचारात्मक अध्यापनाचा गाभा आहे. मूल अक्षर पाहते, उच्चारते, वाळूत किंवा पाटीवर गिरवते आणि मग शब्दात ओळखते. आधी सुटी अक्षरे, नंतर बाराखडी व शेवटी जोडाक्षरे असा क्रम ठेवून एक टप्पा पक्का झाल्यावरच पुढचा घ्यावा. वर्गात पूर्वतयारीशिवाय मोठ्याने वाचावयास लावू नये. आशय व शुद्धलेखन यांचे गुण वेगळे ठेवावे. फळ्यावरील मजकूर छापून द्यावा व तोंडी उत्तरांना वाव द्यावा. चुकलेला शब्द शंभर वेळा लिहावयास लावल्याने चूक सुधारत नाही; मुलाच्या मनात लेखनाविषयी भीती मात्र निर्माण होते. वर्गासमोर वारंवार होणाऱ्या अपमानामुळे अनेक मुले स्वतःला मंदबुद्धी समजू लागतात. ही हानी मूळ अक्षमतेहून अधिक गंभीर असू शकते.

कायदेशीर तरतुदी : महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. केंद्र शासनाच्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या अक्षमतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. जादा वेळ, लेखनिक इ. सवलती प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. अध्यापनातील साहाय्याला मात्र प्रमाणपत्राची अट नाही. साहाय्य जितके लवकर मिळेल तितके ते अधिक फलदायी ठरते. म्हणून अडचण प्रथम लक्षात येते त्या इयत्तेतच, निदानाची वाट न पाहता, वर्गशिक्षकाने त्याचा प्रारंभ करणे इष्ट होय.