गांवीं येणारे विद्यार्थी आणि त्यांचे माहितीपट

अलीकडे कांहीं वर्षांपासून आपल्या दुष्काळी पट्ट्यांतील खेड्यांत एका नव्या प्रकारचे पाहुणे येऊं लागले आहेत. हे पाहुणे म्हणजे देशी व परदेशी विद्यालयांचे विद्यार्थी होत. पाठीवर पिशवी, हातांत कॅमेरा, सोबत एखादे अध्यापक आणि मुक्काम आठ-पंधरा दिवसांचा. पाऊसमान बदलत चाललें असतां गांवकऱ्यांनीं एकजुटीनें त्यावर काय उपाय केले, हें पाहून त्याचा माहितीपट तयार करावयाचा, हा त्यांच्या प्रवासाचा हेतु असतो. अमेरिकेंतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठांत फ्रँक सेस्नो यांनीं २००९ सालीं ‘प्लॅनेट फॉरवर्ड’ हा उपक्रम काढिला, तो विद्यार्थ्यांकडून पर्यावरणाच्या प्रश्नांवर अशाच गोष्टी सांगवून घेण्याचा. ओरेगन राज्य विद्यापीठाचे एक अध्यापक अँड्र्यू मिलिसन यांनीं तर आपल्या महाराष्ट्रांतील पाणलोटाच्या कामांचें चित्रण केलें असून तें जगांत लक्षावधि लोकांनीं पाहिलें आहे. तेव्हां हे पाहुणे आज ना उद्यां आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या ओसरीवर येऊन बसणार. त्यांस काय दाखवावें याविषयीं आमच्या गांवीं जो अनुभव आला, तो सविस्तर लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें गांव अहिल्यानगर जिल्ह्याच्या पठारी भागांत आहे. पाऊस जेमतेम, माळ मुरमाड, आणि विहिरींस फाल्गुनापर्यंत पाणी राहिलें तर तें वर्ष चांगलें म्हणावयाचें. हिवरेबाजार आमच्यापासून फार दूर नाहीं. तेथें १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, व त्यानंतर काय घडलें तें वाचकांस ठाऊकच आहे. सरकारनें त्यांस २०२० सालीं पद्मश्री दिली. तेथील कित्ता आमच्या गांवानें उशीरां कां होईना, गिरविला. डोंगरावर सलग समतल चर खणले, नाल्यावर बांध घातले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली. आणि या सर्वांहून अवघड असा एक ठराव केला, तो असा कीं शेतीसाठीं बोअर कोणीं घ्यावयाचा नाहीं व ऊस कोणीं लावावयाचा नाहीं.

आमची सारी नोकरी तहसील कचेरींत गांवनमुने तपासण्यांत गेली. मुदतीपूर्वीं निवृत्त होऊन गांवीं आलों तेव्हां गांवकऱ्यांनीं पर्जन्यमापकाची व विहिरींच्या पातळीची वही आमच्याकडे सोंपविली. (कारकुनास वही सुटत नाहीं हेंच खरें.) २०२२ च्या सप्टेंबरांत परदेशांतील एका महाविद्यालयाचे नऊ विद्यार्थी आमच्याकडे उतरले, ते याच वहीच्या निमित्तानें आमच्या ओळखीचे झाले.

पाऊस त्या वर्षीं उत्तम होता. डोंगर हिरवागार, चर तुडुंब, नाला वाहता. विद्यार्थ्यांनीं ड्रोन उडविला, पोरांचा पोहण्याचा कार्यक्रम टिपला, भाकरी थापणाऱ्या स्त्रिया टिपल्या. मुलें सालस होतीं. ज्यांच्या घरीं उतरलीं त्यांच्या घरचें ताट स्वतः घांसून ठेवीत. एके रात्रीं देवळांत बैठक झाली. पुण्याहून आलेला एक तरुण दुभाष्या होता. गांवकऱ्यांनीं चर किती मीटर, झाडें किती, श्रमदान किती दिवस, हें उत्साहानें सांगितलें. मग त्यांच्यांतील एका मुलीनें विचारिलें, “आजोबा, हें सगळें होण्यासाठीं तुम्हीं काय सोडलें?”

देवळांत एकदम शांतता पसरली. मागील भिंतीशीं बसलेले एक वृद्ध शेतकरी थोड्या वेळानें बोलले, “पोरी, म्यां मोसंबीची बाग सोडली.” २०१८ सालीं राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. त्या हिंवाळ्यांत त्यांची नऊ वर्षांची बाग वाळूं लागली. बोअर घेतला असता तर वांचती. त्यांनीं ग्रामसभेंत परवानगी मागितली, सभेनें ती नाकारली, आणि बाग डोळ्यांदेखत सरपण झाली. हें सर्व त्यांनीं कॅमेऱ्यासमोर सांगितलें. मुलीचे डोळे भरून आले. आमचीहि तीच गत झाली.

पुढील जानेवारींत माहितीपट तयार होऊन आला. शाळेच्या भिंतीवर पडदा बांधून सर्व गांवानें तो पाहिला. सात मिनिटांचा चित्रपट, पण सुरेख. डोंगर, चर, नाला, पोहणारीं पोरें, भाकरी, सारें होतें. मोसंबीचे आजोबा मात्र अर्धें मिनिट दिसले, व तेंहि बोलतांना नव्हे, तर चरांच्या कडेनें चालत जातांना. बागेची हकीकत वेळेअभावीं गाळली होती. ठरावाचा उल्लेखहि नव्हता.

यांत त्या मुलांचा दोष थोडा आहे. खणलेला चर डोळ्यांस दिसतो. न खणलेला बोअर दिसत नाहीं. परंतु हिशेब मांडून पाहिल्यास पारडें कोठें जड आहे तें कळतें. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल अशा चराच्या एका मीटरांत १८० लिटर पाणी मावतें. हजार मीटर चर एकदां भरला म्हणजे १,८०,००० लिटर झाले. आतां सेकंदास दोन लिटर पाणी देणारा साधा बोअर आठ तास चालविला तर तो दिवसास ५७,६०० लिटर उपसतो. म्हणजे हजार मीटर चराची एक भर, थेंब न् थेंब जमिनींत मुरला असें धरलें तरी, तीन दिवसांत खलास! पावसाळ्यांत चर दहा वेळां भरला तरी एका बोअरची महिन्याभराचीच बेगमी. आणि त्या बोअरवर ऊस असेल तर विचारूंच नये. पाटपाण्यावरील उसाच्या हेक्टरास दोन कोटि लिटरांच्या आसपास पाणी लागतें. हरभऱ्याच्या हेक्टरास तीस लाखांच्या आसपास. चर हा जमेचा रकाना आहे आणि ठराव हा खर्चाचा. केवळ जमेची बाजू दाखविणारी कीर्द आमच्या कचेरींत कोणीं आणली असती तर तिची तपासणी पुढें सरकलीच नसती.

माहितीपट गाजला. आसपासच्या गांवांची मंडळी पाहावयास येऊं लागलीं. तीं विचारीत काय? पोकलेन ताशीं किती रुपये घेतो, हें. ठराव कसा केला, मोडणाऱ्यास काय केलें, हें विचारणारा आम्हांस एकहि भेटला नाहीं. आणि दुसरी गोष्ट घडली ती अधिक वाईट. स्वतःच्या गांवाची हिरवी छबी पडद्यावर पाहून आमच्याच लोकांची अशी समजूत झाली कीं, आपलें पाण्याचें काम आतां पुरें झालें. त्याच उन्हाळ्यांत तीन गटांत रातोरात बोअर झाले. नमुना बारांत, जेथें कधीं ऊस नव्हता, तेथें ऊस दिसूं लागला.

येथें आम्हांस स्वतःविषयीं लिहिणें भाग आहे. त्या तीन गटांपैकीं एक आमच्या चुलत-बंधूंचा. वही आमच्या हातीं होती. पातळी उतरत असल्याचें आम्हांस इतरांच्या आधीं कळलें होतें. परंतु ग्रामसभेंत सत्काराचे हार घातले जात असतां उठून तें सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. गांवाचें नांव जाईल, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. खरें कारण भाऊबंदकी हें होतें. पुढें २०२३ चा ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या देशाच्या पर्जन्यनोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाहीं. २०२४ च्या एप्रिलांत आमच्या गांवांत, ज्या शाळेच्या भिंतीवर माहितीपट दाखविला तिच्याच समोर, टँकर उभा राहिला.

इतकें झाल्यावरहि विद्यार्थ्यांनीं येऊं नये असें आमचें मत नाहीं. चित्रपटानें शेतकरी शिकतो हें पाणी फाउंडेशननें दाखविलें आहे. त्यांची जलस्पर्धा २०१६ सालीं ३ तालुक्यांत होती ती २०१९ सालीं ७६ तालुक्यांत पोंचली, व तींत गांवोगांवच्या लोकांस कामाचें शिक्षण देण्यासाठीं चित्रपटांचा मोठा उपयोग झाला. प्रश्न चित्रपट कोणत्या ऋतूंत घेतला व त्यांत काय राहिलें एवढाच आहे. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर जी पाणी पंचायत उभी केली, तिचें उदाहरण घ्या. तेथें पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरांतील माणसांवर ठरला. माणशीं अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनांसहि हक्क, आणि उसास मनाई. आतां यांत कॅमेऱ्यास टिपण्याजोगें काय आहे? एक वही आणि एक पाटकरी. तरीहि जगाकडे पाठविण्याजोगी गोष्ट तीच.

याच संबंधांत तेलंगणांतील जहीराबादजवळील पस्तापूरच्या स्त्रियांचें काम आम्हांस फार मोलाचें वाटतें. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या या दलित शेतकरी स्त्रिया, त्यांतील कित्येक निरक्षर, कॅमेरा चालविण्यास शिकल्या. वारंगळ भागांतील बीटी कपाशीच्या पहिल्या हंगामांत त्या शेतांवर पुनः पुनः गेल्या व कापूसवाल्यांच्या तोंडून त्यांचा अनुभव त्यांनीं टिपला. पंधरा दिवसांच्या पाहुण्यास जें साधत नाहीं, तें शेजारणीस साधतें. कारण पीक बुडाल्यावरहि ती तेथेंच असते.

यास्तव आमच्या वाचकांस आमची विनंति अशी. विद्यार्थ्यांचें पत्र आलें तर त्यांस पावसाळ्यांत अवश्य बोलवा, परंतु उन्हाळ्यांतहि यावयास सांगा. त्यांस प्रथम डोंगरावर न नेतां पाण्याच्या ताळेबंदासमोर बसवा. हिवरेबाजारला हा ताळेबंद दरवर्षीं ग्रामसभेंत मांडून कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरतें. २०१९ च्या डिसेंबरांत सुरू झालेल्या अटल भूजल योजनेंतहि तो गांवांकडून करवून घेण्यांत आला. ज्या गांवीं तो नाहीं, तेथें पाहुण्यांच्या निमित्तानें तरी करावा. आपल्या शाळेचीं मुलें त्यांच्याबरोबर द्यावीं. विहिरींत दोरी सोडून पातळी मोजणें हें आपल्या मुलांनीं त्यांस शिकवावें, व कॅमेरा कसा धरावा तें त्यांच्याकडून शिकून घ्यावें. आणि बाहेर दाखविण्यापूर्वीं चित्रपट ग्रामसभेंत दाखविला जाईल, एवढी अट तोंडीं न ठेवतां लिहून घ्यावी.

यंदा त्याच महाविद्यालयाचें पुनः पत्र आलें. त्यांची इच्छा सप्टेंबरांत येण्याची होती. ग्रामसभेंत वाद झाला. टँकर दाखवून आपलीच बेअब्रू कां करून घ्यावी, असें पुष्कळांचें म्हणणें पडलें. शेवटीं उन्हाळ्यांत या, असें उत्तर गेलें. मे महिन्यांत त्यांच्या परीक्षा असल्यानें ते एप्रिलच्या अखेरीस येत आहेत. आम्हीं पातळीच्या वहीबरोबर टँकरच्या खेपांची नोंद काढून ठेविली आहे. मोसंबीच्या आजोबांस पुन्हां बोलाल काय, असें विचारलें तेव्हां ते म्हणाले, “बोलतो कीं, भाऊसाहेब. पण या खेपेस माझं कापूं नका म्हणावं.” चुलत-बंधूंस विचारावयाचें अद्याप राहिलें आहे.