पोटात घालणं आणि पांघरूण घालणं

इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घरांत पोचलेला वेताळ हा एकांडा शिलेदार. सोबतीला माणसं असली तरी निर्णय त्याचा आणि जबाबदारीही त्याचीच. अमेरिकेत मात्र १९६०च्या दशकात महानायकांचे संघ लोकप्रिय झाले आणि त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्न आला. खलनायकाचं काय करायचं ते ठरलेलं असतं, त्याला हरवायचं. पण आपल्यातलाच एखादा वाट चुकला तर?

या प्रश्नासाठी आपल्या भाषेत दोन वाक्प्रचार आहेत. एक, अपराध पोटात घालणं. दुसरा, अपराधावर पांघरूण घालणं. ऐकायला दोन्ही सारखे वाटतात, पण अर्थानं दोन टोकांचे आहेत. पोटात घालणारा अपराधाला अपराधच म्हणतो आणि तरीही माणसाला सोडत नाही. पांघरूण घालणारा, असं काही झालंच नाही, असं भासवतो. कॉमिक्सनं या दोन्ही वाटा चोखाळल्या आहेत.

पहिली गोष्ट १९६५ची. ‘अॅव्हेंजर्स’ या संघातले थॉर, आयर्न मॅन असे जुने गडी बाहेर पडतात आणि कॅप्टन अमेरिका एकटा उरतो. नव्या संघात त्याच्या वाट्याला येतात ते तिघं: हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच. तिघंही कालपर्यंत पलीकडच्या बाजूला होते. हॉकआय हा सर्कशीत तयार झालेला तिरंदाज, आयर्न मॅनवर चालून गेलेला. बाकीचे दोघं बहीणभाऊ, मॅग्नेटो या खलनायकाच्या टोळीतले. त्यांचा भूतकाळ कुणी लपवत नाही. त्यांना सरळ कामाला लावलं जातं. हॉकआय पुढे कॅप्टनशी सतत हुज्जत घालतो, त्याच्या नेतृत्वाला आव्हान देतो. पण संकटात त्याच्याच बाजूला उभा राहतो. भाषणं न करता, रोजच्या कामातून विश्वास परत मिळतो, एवढंच ही गोष्ट सांगते.

दुसरी गोष्ट फार जड आहे. १९८० साली लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी ‘एक्स-मेन’मध्ये जीन ग्रे हिची शोकांतिका रंगवली. जीन ही संघाच्या संस्थापक सदस्यांपैकी एक, सगळ्यांची लाडकी. फिनिक्स नावाच्या अफाट वैश्विक शक्तीचा कैफ तिला चढतो आणि भूक भागवण्यासाठी ती एक तारा गिळून टाकते. त्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. परग्रहावरचं शिआर साम्राज्य तिला देहान्ताची शिक्षा फर्मावतं. तोवर भानावर आलेल्या जीनसाठी एक्स-मेनना द्वंद्वाची संधी मिळते. लढाईच्या आदल्या रात्री प्रत्येक जण आपापल्या मनाशी विचार करतो. घडलेलं कुणीच नाकारत नाही. तरी सकाळी सगळे तिच्या बाजूनं उभे राहतात.

इथं निष्ठेची मर्यादा दिसते. मित्रांनी जीनला सोडलं नाही, हे थोरच. पण तिला माफ करण्याचा अधिकार त्यांना होता का? अपराध एक्स-मेनचा नव्हता, त्या पाच अब्जांचा होता. आणि माफ करायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं. घरातल्या माणसानं घरच्यांचं नुकसान केलं तर घर ते पोटात घालू शकतं. शेजाऱ्याच्या नुकसानीची माफी आपण परस्पर कशी देणार?

हा पेच कॉमिक्सच्या कचेरीतही पडला होता. लेखक-चित्रकारांनी आधी जो शेवट केला होता, त्यात जीनची शक्ती काढून घेतली जाते आणि ती आपल्या माणसांत परत येते. मुख्य संपादक जिम शूटर यांना हे पटलं नाही. एवढ्या संहारानंतर एवढीच किंमत कशी, हा त्यांचा आक्षेप होता. शेवट बदलला. १३७व्या अंकात जीन चंद्रावर, प्रियकराच्या डोळ्यांदेखत, स्वतःच मरण पत्करते. मूळ शेवट पुढे १९८४ साली स्वतंत्रपणे छापला गेला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की मला शूटर यांचंच म्हणणं पटतं, आणि तरीही जीनसाठी जीव तुटतो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

मग आलं पांघरूण. १९८६ साली जीनला परत आणायचं ठरलं. युक्ती अशी काढली, की ती संहार करणारी जीन नव्हतीच! फिनिक्स शक्तीनं तिचं रूप घेतलं होतं आणि खरी जीन न्यूयॉर्कजवळच्या जमेका बेच्या तळाशी एका कोशात निपचित पडून होती. वाचकांची लाडकी परत आली, पण क्षमेचा प्रश्न मात्र निकालातच निघाला. जिनं काही केलंच नाही, तिला माफ काय करायचं?

या कोशाला उत्तर म्हणून मी हॉकआयकडे परत जातो. १९९७ साली ‘थंडरबोल्ट्स’ नावाचं मासिक सुरू झालं. त्यातले नायक म्हणजे सोंग घेतलेले गुन्हेगार. पण सोंग करता करता काहींना चांगुलपणाची गोडी लागते. १९९८ साली त्यांचं नेतृत्व करायला येतो तो हॉकआय, एकेकाळी स्वतः पदरात घेतला गेलेला. तो त्यांना जवळ करतो, पण एक अट घालतो. त्यांच्यातल्या माक-वन या सदस्याच्या माथी एका खुनाचा गुन्हा होता. त्यानं आधी तुरुंगात जाऊन त्याची शिक्षा भोगायची. आणि तो जातो.

मला यात क्षमेचं पुरतं चित्र दिसतं. ज्याला एकदा संधी मिळाली, त्यानं ती पुढे दिली; पण दुसऱ्याचं देणं मात्र माफ केलं नाही. संघ म्हणतो, “तू आमचा आहेस.” आणि त्याच दमात म्हणतो, “जा, तुझा हिशेब पुरा करून ये.”

घर असो, संस्था असो की पक्ष, आपल्या माणसाची चूक उघडी पडते तेव्हा आपण बहुतेक वेळा कोश शोधायला धावतो. तो तसा नाहीच, त्याला कुणी तरी भरीला घातलं असेल, म्हणतो. त्यानं तात्पुरती अब्रू वाचते, पण चुकलेल्याला परतीची वाट मिळत नाही. परत यायचं तर आपण कुठवर गेलो होतो, हे आधी कबूल करावं लागतं. आपल्यांचं काम ती कबुली टाळण्याचं नाही. ती देताना त्याच्या शेजारी उभं राहण्याचं आहे.