हृदयपेशीतले अरुंद दार

कॅल्शियमशिवाय हृदय चालत नाही, हे सिडनी रिंगर या इंग्रज वैद्याने १८८३ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवले. ठोक्यागणिक पेशीद्रवातले कॅल्शियम सुमारे दहापट वाढते, स्नायुतंतू आकसतात आणि लगेच ते कॅल्शियम उपसून काढले जाते. या गदारोळाला खेटूनच मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, बसलेल्या असतात. हृदयपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो. त्यांचे आतले पटल सुमारे १८० मिलिव्होल्टने भारलेले आणि आतली बाजू ऋण, त्यामुळे धनभारित कॅल्शियम आत ओढले जाणे क्रमप्राप्तच. १९६०च्या दशकाच्या आरंभी, पेशीतून वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम अधाशासारखे गिळतात असे दिसले आणि हृदयातही त्या दर ठोक्याला मोठा वाटा उचलत असणार, हा समज बळावला. माझ्या मते पुरावा नेमका उलट दिशेला झुकतो. हृदयातल्या मायटोकॉन्ड्रियांचे कॅल्शियम आत घेणारे दार मुद्दामच अरुंद आहे आणि त्याचे मोल त्या अरुंदपणातच आहे.

हे दार म्हणजे एक आयनवाहिनी आहे, हे २००४ मध्ये किरिचोक, क्रापिविन्स्की आणि क्लॅपहॅम यांनी पटलातला विद्युतप्रवाह थेट मोजून सिद्ध केले. तिचे प्रथिन मात्र २०११ मध्येच हाती लागले, तेही पादुआ आणि हार्वर्डच्या दोन गटांना एकाच वेळी. तिच्यावर पहारा करणारे मिकू-१ हे प्रथिन त्याआधीच, २०१० मध्ये, सापडले होते. बाहेर कॅल्शियम कमी असताना ते वाट अडवून धरते. पुढे निरनिराळ्या अवयवांची तुलना झाली, तेव्हा हातापायांच्या स्नायूंच्या मानाने हृदयातला प्रवाह फारच क्षीण निघाला. २०१३ मध्ये मेरीलँडच्या लेडरर यांच्या गटाने हिशेब मांडला: एका ठोक्यातल्या कॅल्शियमपैकी एक टक्काही मायटोकॉन्ड्रियात शिरत नाही. आणि ते रास्तच आहे. आत येणारा प्रत्येक कॅल्शियम आयन दोन धनभार घेऊन येतो, म्हणजे ज्या विद्युतदाबावर एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते तोच खर्ची पडतो. एक तृतीयांश पेशी व्यापणाऱ्यांनी सढळ हाताने घ्यायचे ठरवले, तर आकसायला स्नायुतंतूंच्या वाट्याला काय उरेल?

यावर कोणी म्हणेल, एक टक्क्याहून कमी म्हणजे नगण्य. मग दार हवेच कशाला? २०१३ मध्येच या वाहिनीचे जनुक जन्मापासून नसलेले उंदीर जगले, त्यांची हृदयेही नीट चालली. आक्षेप वजनदार आहे, पण तो विश्रांतीतल्या हृदयापुरता. २०१५ मध्ये दोन अमेरिकी गटांनी प्रौढ उंदरांच्या फक्त हृदयातून हे जनुक काढले. एरवी काहीच बिघडले नाही; मात्र अॅड्रेनॅलिनसारख्या औषधाने एकदम जोर लावायला सांगितल्यावर हृदय मागे पडले. आधी थोडी पूर्वतयारी मिळाली की हेच उंदीर पळण्यात इतर उंदरांची बरोबरी गाठत. कारण मायटोकॉन्ड्रियात पोचलेले कॅल्शियम क्रेब्ज चक्रातल्या, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या प्रक्रियेतल्या, विकरांना चेतवते, हे ब्रिस्टलच्या डेंटन आणि मॅककॉर्मॅक यांनी फार पूर्वी दाखवले होते. ठोके वाढले की थेंबथेंब कॅल्शियम साठते आणि इंधनाचा वेग मागणीला गाठतो.

नगण्य म्हणणाऱ्यांना खरे उत्तर २०१७च्या प्रयोगाने दिले. कॅल्शियम बाहेर टाकणाऱ्या एनसीएलएक्स या प्रथिनाचे जनुक प्रौढ हृदयातून काढले, तेव्हा बहुतेक उंदीर थोड्याच दिवसांत अचानक दगावले. उंदराचे हृदय मिनिटाला पाच-सहाशे वेळा धडधडते. बाहेरची वाट बुजली की हा किरकोळ ओघही जीव घेतो.

राहिला प्रश्न हृदयविकाराच्या झटक्याचा. अडलेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताना कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो आणि पेशी मरतात. प्रौढपणी वाहिनीचे जनुक गमावलेल्या उंदरांच्या हृदयाची हानी कमी झाली, जन्मापासून ते नसलेल्यांची मात्र तितकीच झाली. या विसंगतीचा मला पटणारा अर्थ असा की वाढीच्या काळात शरीराने मरणाची दुसरी वाट अंगवळणी पाडून घेतली. रुथेनियम रेडसारखी रसायने प्रयोगशाळेत हे दार बंद करतात, तेव्हा औषधाची आशा वाजवी आहे. पण ते रोज घ्यायची गोळी होऊ नये, कारण मग धाप लागण्याच्या वेळीच हृदय तोकडे पडेल. धमनी मोकळी करतानाची काही मिनिटे, एवढीच त्याची योग्य जागा.