‘फ्लॅट’ म्हणजे काय?

परवा शिकवणीला एक नवी मुलगी आली. वय नऊ, शाळा इंग्रजी माध्यमाची. कोमल ऋषभाला इंग्रजीत ‘फ्लॅट’ म्हणतात असे मी सांगितले, तर ती विचारते, “सर, मग तो कितव्या मजल्यावर राहतो?” वर्गात हशा पिकला. मीही हसलो, पण मनातून वरमलो. कारण याच शब्दाने एकदा माझीही फजिती केली होती.

आमच्या घरात गाणे आले ते दरबारच्या चाकरीतून. इंग्रजी आले शाळेतून, तेही एका शब्दाला एक अर्थ या हिशेबाने. सोळाव्या वर्षी एका स्पर्धेत गायलो. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता, ‘फ्लॅट’. फ्लॅट म्हणजे सपाट, एवढे ठाऊक. आणि सपाट तान तर आपल्याकडे वर्षानुवर्षे घासून साधायची वस्तू! मी उड्या मारीत घरी आलो. वडिलांनी कागद वाचला, तंबोरा जुळवला आणि एवढेच म्हणाले, “षड्ज लाव.” तीनदा लावला, तिन्ही वेळा सूर उतरलेला. फ्लॅट म्हणजे हेच, जागेवरून किंचित खाली बसलेला सूर! हाच शब्द स्वरलेखनात आला की कोमल, शेऱ्यात आला की दोष.

‘स्केल’ची तऱ्हा आणखी न्यारी. दप्तरातली स्केल म्हणजे पट्टी, आणि “तुमची स्केल कोणती?” याला गाणारा “काळी दोन” म्हणतो, तीही पट्टीच! काटेकोर पाहिले तर इंग्रजीत स्केल म्हणजे क्रमाने मांडलेले स्वर. आपल्या पट्टीच्या जवळचा त्यांचा शब्द ‘की’, आणि तिला मुले किल्ली समजतात.

मौलाबक्षांची गायनशाळा येथे १८८६ साली निघाली. स्वर कागदावर उतरवण्याची खटपट बडोद्याला तेव्हापासूनची. पुढे १९३१ साली सयाजीराव महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढविला. कारभारातला इंग्रजी शब्द आणि समोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे सात भाषांतले प्रतिशब्द! तालमीच्या खोलीसाठी असा कल्पतरू कोणी लावील तर मी पाणी घालायला तयार आहे.

तूर्त मुलांना वहीत अर्थ लिहायला सांगतो. त्या मुलीने लिहिले आहे: ‘फ्लॅट – १. घर. २. कोमल. ३. सरांना मिळालेला शेरा.’