खुबा बसवला, पण पुन्हा निखळला! लहान मुलांमध्ये दुसरी शस्त्रक्रिया का करावी लागते?

बाळाचा निखळलेला खुबा शस्त्रक्रिया करून जागेवर बसवला, कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घातले, ६ ते १२ आठवड्यांनी ते काढले, की आता सगळे संपले असे आई-वडिलांना वाटते. बहुतेक मुलांच्या बाबतीत तसे होतेही. पण काही मुलांमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा पुन्हा वाटीबाहेर सरकतो. मग पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा प्लास्टर. ही दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे पहिलीचीच उजळणी नसते. पहिल्या वेळी नेमके काय राहून गेले हे शोधून काढणे, हा तिचा पाया असतो.

खुबा निखळतो म्हणजे काय?

खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. बाळ वाढत असताना गोळ्यामुळे वाटीला खोली येते आणि वाटीमुळे गोळ्याला गोलाई. गोळा बाहेरच राहिला, तर वाटी उथळ राहते आणि तिच्यात चरबी व मऊ पेशी भरू लागतात. जन्मलेल्या दर १,००० बाळांपैकी साधारण १ ते २ बाळांचा खुबा निखळलेला असतो. मुली, पायाळू बाळे आणि घरात कुणाला हा त्रास असलेली बाळे यांच्यात प्रमाण जास्त दिसते. पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळण्यानेही धोका वाढतो. याउलट, बाळाला कडेवर घेताना पाय फाकलेले राहतात आणि ती स्थिती खुब्यासाठी चांगली असते.

पहिला उपचार कोणता?

तो वयावर ठरतो. पहिल्या सहा महिन्यांत पाय दुमडून फाकलेले ठेवणारे पट्टे, म्हणजे पावलिक हार्नेस, अनेकदा पुरतात. त्यानंतर भूल देऊन, चिरा न देता गोळा वाटीत बसवून प्लास्टर घालतात. ते जमले नाही, किंवा बाळ चालायला लागल्यावर निदान झाले, तर सांधा उघडावा लागतो. साधारण दीड वर्षानंतर अनेकदा हाडेही कापून वळवावी लागतात. वाटीचे छत पुढे वळवण्याची टोरांटोच्या डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांची पद्धत १९६१मध्ये प्रसिद्ध झाली. ती आजही वापरली जाते.

मग खुबा पुन्हा का निखळतो?

पहिले कारण म्हणजे वाटीपर्यंतची वाट पूर्ण मोकळी न होणे. सोआस स्नायूची कंडरा सांध्याच्या आवरणाला मधोमध आवळते आणि त्याचा आकार डमरूसारखा होतो. वाटीच्या खालच्या काठावरचा आडवा अस्थिबंधही दार अडवून बसतो. यातले काही तसेच राहिले, तर गोळा वाटीच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तो काठावर टेकून राहतो आणि संधी मिळताच सरकतो.

दुसरे कारण, सांध्याभोवतीचे सैल आवरण पुरेसे घट्ट न शिवणे. तिसरे कारण हाडांचे. गोळा फार वर गेला असेल, तर तो खाली आणल्यावर आजूबाजूचे स्नायू ताणले जातात. अशा वेळी मांडीचे हाड थोडे कापून आखूड केले नाही, तर तो ताण गोळ्याला पुन्हा बाहेर ओढतो. हाडातील पीळ कमी काढला तरी अडचण आणि जास्त काढला तरी. वाटीचे छत पुढे वळवून मांडीच्या हाडाचा पीळही फार काढला, तर गोळा मागच्या बाजूने निसटू शकतो.

प्रत्येक वेळी त्रुटी शस्त्रक्रियेतच असते असे नाही. काही मुलांचे सगळेच सांधे जन्मतः सैल किंवा आखडलेले असतात. त्यांच्यात धोका मुळातच जास्त असतो.

हे लक्षात कसे येते?

खुबा प्लास्टरच्या आतही सरकू शकतो, आणि लहान मूल दुखते म्हणून सांगेलच असे नाही. प्लास्टरमधून घेतलेला साधा एक्स-रे फसवू शकतो. गोळा वर नव्हे, सरळ मागे गेला असेल, तर तो जागेवरच असल्यासारखा दिसतो. म्हणून अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून खात्री करतात. पुढे मूल लंगडत असेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा पाय बाजूला नीट फाकत नसेल, तर तपासणी लांबवू नये.

दुसरी शस्त्रक्रिया अवघड का?

पहिल्या चिऱ्याखाली व्रणाच्या कडक पेशी तयार झालेल्या असतात. नेहमीच्या खाणाखुणा पुसल्या जातात आणि गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सांभाळणे कठीण होते. तो रक्तपुरवठा तुटला, तर गोळ्याचा काही भाग मृत होऊन त्याचा आकार बिघडू शकतो. हा सर्वांत मोठा धोका. पहिल्या शस्त्रक्रियेतच थोडी इजा झालेली असेल, तर दुसरीत ती वाढू शकते. सांधा आखडणे आणि पायांच्या लांबीत फरक पडणे, हे इतर धोके.

त्यामुळे आधीच्या शस्त्रक्रियेची नोंद, जुने एक्स-रे आणि नवे स्कॅन समोर ठेवून आखणी होते. सहसा सांधा पुढून उघडून सर्व अडथळे काढतात, आवरण घट्ट शिवतात आणि गरजेनुसार मांडीचे हाड आखूड करणे, पीळ सुधारणे, वाटीचे छत वळवणे ही कामे एकाच वेळी करतात.

शस्त्रक्रिया करायचीच का?

नेहमी नाही. वय वाढत जाते तशी वाटीची स्वतःला सुधारण्याची क्षमता घटते. मूल सहा-आठ वर्षांचे असेल, दोन्ही खुबे निखळलेले असतील आणि वेदना नसतील, तर आखडलेल्या, दुखऱ्या सांध्यापेक्षा मोकळा पण निखळलेला सांधा बरा, असाही निर्णय होऊ शकतो. लहान वयात, विशेषतः एकाच बाजूचा खुबा निखळला असेल, तर मात्र तो पुन्हा बसवण्याचा फायदा मोठा असतो.

पालकांनी काय विचारावे?

खुबा पुन्हा का निखळला? गोळ्याचा रक्तपुरवठा सध्या कसा आहे? या वेळी वेगळे काय करणार? सांधा जागेवर आहे याची खात्री कशी करणार? या चार प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. अशा वेळी मुलांच्या हाडांच्या तज्ज्ञाचे, आणि शक्यतो दुसऱ्या तज्ज्ञाचेही, मत घ्यावे. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मदोषांच्या यादीत खुब्याचा हा दोष आहे. त्यामुळे सरकारी रुग्णालयात त्याबद्दल जरूर चौकशी करावी.

प्लास्टर असताना बोटे निळी किंवा थंड पडली, सुजली, आतून दुर्गंधी आली किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. प्लास्टर निघाल्यावरही हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत ठरलेल्या वेळी एक्स-रे काढत राहावे लागते. मूल धावू-खेळू लागले म्हणून ही तपासणी थांबवू नये, कारण गोळ्याच्या आकारातील बिघाड कधी कधी काही वर्षांनीच दिसतो.