आकाशातील कार्यभार

पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. खाडीपलीकडे मुंबईचा विमानतळ आहेच. दोन विमानतळांच्या या सामाईक आकाशात विमानाचा ताबा एका नियंत्रकाने दुसऱ्याकडे सोपविण्याच्या कामास विशेष महत्त्व आहे.

उड्डाण केलेले विमान प्रथम मनोऱ्यातील, नंतर आसपासच्या आकाशाच्या व पुढे दूरच्या मार्गावरील नियंत्रकाच्या स्वाधीन होते. ताबा देणाऱ्याने विमानाची ओळख, उंची व मार्ग कळवावयाचा, घेणाऱ्याने तो स्वीकारावयाचा. त्यानंतरच वैमानिकास नव्या नियंत्रकाशी बोलण्यास सांगावयाचे, अशी ही पद्धती आहे.

तीत चूक झाल्यास काय ओढवते, हे ब्राझीलमध्ये दिसून आले. २९ सप्टेंबर २००६ रोजी एक लहान जेट विमान ३७,००० फुटांवर असता ब्राझिलिया केंद्राने ते ३६,००० फुटांवर असल्याचे पुढील केंद्रास कळविले. विमानातील उंची कळविणारे यंत्र बंद होते. रेडिओ संपर्कही तुटला होता. समोरून त्याच उंचीवर आलेल्या प्रवासी विमानाशी टक्कर होऊन त्यातील सर्व १५४ जण मृत्युमुखी पडले.

दप्तराचा कार्यभार घेताना यादी पडताळूनच सही करावी, हा नियम प्रत्येक कर्मचाऱ्यास परिचित आहे. जमिनीवर राहिलेली चूक मागाहून निस्तरता येते. आकाशात तेवढा अवधी मिळत नाही.