दुहेरी पोत

जलरंगातल्या चित्राची प्रत काढायची म्हटलं की चित्रकार हमखास खरखरीत कागदाकडे बोट दाखवतो. मूळ चित्र खरखरीत कागदावर, मग प्रतही तशाच कागदावर हवी, असा त्याचा हिशोब. पण स्कॅन करताना मूळ कागदाचा पोतही बारीक सावल्यांसकट फाइलमध्ये आलेला असतो. ती फाइल ‘विल्यम टर्नर’सारख्या उठावदार, ३१० जीएसएमच्या कॉटन कागदावर छापली, की छापलेल्या सावल्या एकीकडे पडतात, खऱ्या दुसरीकडे. आभाळाचा नितळ वॉश मळकट दिसतो. मी अशा वेळी ‘फोटो रॅग ३०८’सारखा गुळगुळीत मॅट कागद लावतो. चित्रकार कुरकुरतो, पण दोन्ही कागदांवर छापलेल्या चाचणीच्या पट्ट्या मूळ चित्राशेजारी ठेवल्या की बहुधा वाद मिटतो.

मोह जुनाच आहे म्हणा. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो ओलिओग्राफचा. या तंत्रात छापील चित्र तैलचित्रासारखं भासावं म्हणून कागदावर कॅनव्हासचा पोत दाबून उठवण्याचीही चाल होती.

पोतानंतर पांढरा. नेहमीच्या इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते, म्हणून चित्रातला सर्वांत उजळ रंग कागदच पुरवतो. नमुन्यावर अतिनील टॉर्च मारायचा. कागद निळसर चमकला तर त्यात ब्राइटनर आहे. दुकानात तो शुभ्र दिसतो. ज्या एलईडीत अतिनील किरण नाहीत, तिथे त्याचा तजेला उतरतो, आणि वर्षं सरतात तसा ब्राइटनर निकामी होऊन कागद पिवळट होतो. विकायच्या प्रतींसाठी मी तो टाळतो, भले कागद थोडा साईच्या रंगाकडे झुकलेला असो.

तैलचित्राची गोष्ट वेगळी. त्यातले काळोखे कोपरे मॅटवर राखाडी पडतात; बॅराइटा कागदावर, फोटो ब्लॅक शाईने, खोल उतरतात. प्रत्येक कागदाची रंग-प्रोफाइल मात्र वेगळी लावावी लागते.

कॉटन कागद मशीनला देण्याआधी मऊ ब्रशने झटकायचा. सुटा तंतू शाईखाली राहिला आणि नंतर निखळला, तर गडद भागात पांढरा ठिपका उरतो. पावसाळ्यात कडा लाटांसारख्या उठतात आणि प्रिंटरचं हेड त्यांना घासतं, म्हणून कागद बंद पाकिटातच ठेवायचा.

ऑर्डर घेतानाच मी फ्रेमचं विचारतो. साधी काच लागणार असेल, तर पृष्ठभागाचे हे बरेचसे फरक तिच्यामागे झाकले जातात. मग महागड्या कागदाचे पैसे गिऱ्हाइकाने चांगल्या काचेवर घालावेत, असं मी सरळ सांगतो.